सराव

मूल हे आमच्या तालुक्याच्या गावाचं नाव.
मूलच्या कॉलेजात मूल घेऊन आली,
पोरं म्हणाली, हसली.
मीही हसले. विनोद बरा होता,
फक्त त्याचं वजन साडेसहा किलो होतं
आणि दोन गाड्या बदलून ते मी कडेवर आणलं होतं.

बी.ए. द्वितीय, अर्थशास्त्र.
नवरा वारंगलकडं मिरची तोडायला,
सासू मामा तलावाच्या गाळावर, हजेरीपटात.
मलाही हजेरी हवी होती, पंच्याहत्तर टक्के.
सर म्हणाले, नियम विद्यापीठाचा आहे, माझा नाही.
खरंच होतं. सर वाईट नव्हते.

फळ्यावर मागणीची रेषा, पुरवठ्याची रेषा,
एकमेकींना छेदतात तिथं समतोल.
बाहेर व्हरांड्यात शिपायाच्या मांडीवर त्रिशा रडली
आणि माझा पुरवठा सुरू झाला.
वही छातीशी धरली.
समतोलाची सगळी शाई पसरली.

शिपाई म्हणजे पत्रुजी.
त्यांनी काही विचारलं नाही.
खुंटीवरची चावी काढून दिली, दुसरीकडं पाहत.
"खेळाच्या सामानाची खोली हाय मायं. आतून कडी लागते."

आत फक्कीचा वास. चार भाले.
कॅरमच्या सोंगट्या डालड्याच्या डब्यात.
दोन हुकांना टांगलेली फाटकी व्हॉलीबॉलची जाळी,
आणि जाळीत कुणाचं तरी जुनं लुगडं, चौघडी करून.
म्हणजे माझ्याआधी कुणी होती.
भिंतीवर खडूनं: सोम, बुध, ११ ते १२, प्रणोती.
त्याखाली आणखी एक नाव, ओल आलेलं,
म पासून सुरू होणारं.

चावीच्या रजिस्टरात कारणाचा रकाना असतो.
पत्रुजींचं अक्षर मोठं, सावकाश:
सराव.

दीड वर्ष मी सराव केला.
त्रिशा गोळाफेकीचा गोळा ढकलत रांगायला लागली.
पहिला शब्द आई नव्हता. पत्तू होता.
मी हसून सगळ्यांना सांगितलं,
आणि घरी जाताना गाडीत थोडी रडले.

तपासणीला समिती आली त्या दिवशी
पत्रुजींनी बाहेरून कुलूप घातलं. आत आम्ही दोघी.
फॉर्मवर एक प्रश्न होता म्हणे,
लेकुरवाळ्या विद्यार्थ्यांसाठी सोय?
ऑफिसनं लिहिलं: लागू नाही.
बुटांचा आवाज दारापर्यंत आला, गेला.
त्रिशा झोपेत चोखत होती, काहीच नसलेलं.

मला राग आला. कुणाचा, ते कळायला दिवस गेले.
पत्रुजींचा नव्हता.
पण खुंटीवरची चावी म्हणजे सोय नव्हे,
एका माणसाचं मन आहे ते,
आणि त्या माणसाला तीन वर्षांनी पेन्शन लागणार.

परवा शेवटचा पेपर झाला.
चावी परत द्यायला गेले तर लोमेश गेडाम उभा,
बी.एस्सी. पहिलं वर्ष, शर्टाची बटणं वरखाली लागलेली.
बापाला मोह वेचताना अस्वलानं धरलं.
एक दिवसाआड पट्टी, दवाखान्यात, दहाला.
परतीची गाडी चारला.
बसस्टँडवर लोक वळून वळून तोंडाकडं पाहतात.
तास बुडवतो आणि बापाच्या पुढ्यात उभा राहतो,
आडोसा म्हणून.

उंच उडीची गादी आम्ही दोघांनी ओढून खिडकीखाली आणली.
धूळ इतकी, की दोघंही शिंकत होतो.
"जाळी काढू का, ताई?"
राहू दे, म्हटलं. लागते कुणाला तरी.

रजिस्टर उघडलं. लोमेश पेन धरून थांबला.
वरच्या ओळींत सराव, सराव, सराव,
पानभर, मागच्या पानावरही.
"काय लिहू?"

आहे ते लिही.

त्यानं लिहिलं: बाबा झोपणार आहेत.
पत्रुजींनी चष्मा कपाळावर सरकवला, वाचलं,
परत वाचलं.
"सायेब इचारतीन ना बाप्पा."

विचारू द्या, मी म्हटलं.
त्यांनी सही केली.